ग्लासगोत संकष्टी

एफुआनं दार वाजवलं तेव्हा मी केस पुसत होते.
ऊन पडलंय, म्हणाली. या गावात हे वाक्य
आग लागलीय, अशा सुरात म्हणतात.
प्रबंध कालच दिला होता. अकरा महिन्यांत
लायब्ररी, खोली आणि रात्रपाळीचं गोदाम,
एवढंच ग्लासगो पाहिलेलं.
आज सगळं बघायचं, सगळं खायचं, असं तिचं ठरलेलं;
आणि सिन्नरहून गुंडाळी करून आणलेल्या दिनदर्शिकेत
आजच्या चौकोनात लाल अक्षरं: संकष्टी.

म्हणजे चंद्र दिसेपर्यंत जेवायचंच नाही?
बटाटा चालतो, म्हटलं.
ती दाराच्या चौकटीला टेकून हसत सुटली.
अगं, मग तू योग्य देशात आलीस!
हसली, पण पटलं तिला. तिच्या नावातच शुक्रवार आहे;
वारांना आपले हट्ट असतात, हे घानात लहानपणीच कळतं.

भुयारी रेल्वे नारिंगी, खेळण्याएवढी.
पंधरा स्टेशनं, आणि पुन्हा पहिलं.
घाण्याचा बैल, मी म्हटलं. ती म्हणाली, माळ.
बोलण्याच्या नादात आमचं स्टेशन गेलं. उतरलो नाही.
चोवीस मिनिटांनी ते परत आलं,
रागावलं नव्हतं.

म्युझियम फुकट. आत पेंढा भरलेला हत्ती,
आणि एक पोरगं त्याला आपलं सँडविच देत होतं.
वर छताला टांगलेली पांढरी मुंडकी,
कुणी खदखदून हसणारं, कुणी नुसतं थकलेलं.
एक वाजता कुणीतरी ऑर्गनवर बसलं
आणि सगळ्या इमारतीनं घसा खाकरला.

चौकात घोड्यावरचा सरदार,
डोक्यावर रस्ता-खोदाईचा नारिंगी शंकू.
पालिका काढते, लोक रात्री पुन्हा घालतात.
आमच्याकडे यावरून दोन दिवस बाजार बंद राहिला असता.

मग खाणं. एफुआचं खाणं म्हणजे:
काळं सॉसेज घातलेला पाव, मग पाय,
मग मेंढीच्या काळजा-फुप्फुसाची भजी.
(भजी! बघताना जीव कासावीस झाला.)
माझं: बटाटा. उकडलेला, भाजलेला, सालीसकट, तळलेला.
ज्या तेलात चिप्स तळल्या, त्यात आधी मासा पोहून गेला का,
हे मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर कळलं असतं.
दुकानदार म्हातारा, आजोबांच्या वेळी लायलपूर सोडलेला.
उपास? आणि चिप्स?
बराच वेळ हसला, मूठभर जास्त टाकल्या.
व्हिनेगर चालतं की नाही ते ठरेना,
तोवर त्यानं ओतलंच होतं.

दिनदर्शिकेत चंद्रोदयाची गावं असतात:
मुंबई, नाशिक, अकोला. बेळगावसुद्धा.
नाशिकला नऊ सत्तेचाळीस,
म्हणजे इथले पाच सतरा.
मी कागदातली शेवटची चिप शोधत होते
तेव्हाच आईचा उपास सुटला,
आतापावेतो तिची भांडीही पालथी झाली असतील.
तिचा चंद्र मी धरायला काय हरकत होती? काही नाही.
धरला नाही खरा.

क्वीन्स पार्कच्या टेकडीवर, झेंड्याच्या खांबाशी बसलो.
दहा वाजले तरी उजेड हलेना,
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.
मग तो गेला, आणि त्याच्या जागी ढग आले.
अकरा. साडेअकरा. पोटात बटाट्याचं पोतं,
आणि तरीही भूक. पोत्याच्या मागे कुठेतरी.

एफुआनं पिशवीतून बिस्किट काढलं.
गोल, वर पांढरी साखर,
मधोमध लाल चेरी, टिकलीएवढी.
हात लांब करून तिनं ते छपरांच्या वर धरलं,
एक डोळा मिटून, नीट, धुराड्याच्या जरा उजवीकडे.
घे, म्हणाली, उगवला.

मी आजूबाजूला पाहिलं. एक कुत्रं होतं फक्त.
बाटलीतलं पाणी गवतावर सोडलं, हात जोडले.
मग चावा घेतला.
आत जॅम होता. हे पंचांगात नाही.

त्या बिस्किटाचे दोन पौंड चाळीस
मी तिला अजून दिलेले नाहीत.